बालाघाटच्या पायथ्याचे झरे व तलाव : बीड जिल्ह्यातील जलस्रोतांचा भौगोलिक विचार

प्रस्तावना :

बालाघाटच्या डोंगररांगेमुळे बीड जिल्ह्याचे दोन स्वाभाविक विभाग पडतात. रांगेवरील पठारी भाग व उत्तरेकडील गोदाकाठचा सखल भाग, म्हणजेच गंगथडी, असे ते विभाग होत. गेवराई तालुक्यातील चकलांबा व परिसरातील गावे या रांगेच्या उत्तरेस वसलेली आहेत. जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान साधारणतः 650 ते 700 मि.मी. असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जायकवाडी प्रकल्पाचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून जातो; परंतु कालव्यापेक्षा उंचावर असलेल्या जमिनीला त्याचा लाभ होत नाही. अशा गावांची भिस्त विहीर, झरा व तलाव यांवरच असते. झरा व तलाव हे दोन स्वतंत्र स्रोत नसून डोंगरावर पडणाऱ्या एकाच पाण्याची ती दोन रूपे आहेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

झऱ्यांची निर्मिती :

बालाघाटची रांग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेली आहे. या थरांत कठीण काळा पाषाण व सच्छिद्र मांजऱ्या खडक एकाआड एक आढळतात. दोन थरांमध्ये काही ठिकाणी लाल गेरूचा पट्टा असतो. भेगांतून मुरलेले पाणी मांजऱ्या खडकात साठते. खाली गेरू किंवा अखंड पाषाण लागला की ते आडवे वाहू लागते आणि उतारावर जेथे हा थर उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने प्रकटते. म्हणूनच झऱ्याचे मुख पायथ्याशी असले, तरी त्याचे मूळ वरच्या पठारावर असते. सिंदफणा, बिंदुसरा व मांजरा या नद्या याच रांगेत उगम पावतात. कपिलधार व सौताडा येथील धबधबेही याच पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेची साक्ष देतात.

पायथ्याचे तलाव :

मुरण्यापूर्वीच उतारावरून वाहून जाणारे पाणी तलावात अडते. 1972 च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून मराठवाड्यात अनेक पाझर तलाव उभे राहिले. उघड्या तलावातील पाण्याचा मोठा हिस्सा बाष्पीभवनाने नष्ट होतो. त्यामुळे पाझर तलावाचे यश त्यातील साठ्यावरून न मोजता खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी किती वाढली, यावरून मोजले पाहिजे. तळाशी गाळ साचल्यास पाझर थांबतो व केवळ बाष्पीभवन शिल्लक राहते.

ऐतिहासिक दाखला :

बीड शहराजवळील खजाना विहीर या संदर्भात अभ्यसनीय आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या राजवटीत ती बांधली गेली. भूमिगत मार्गाने पाणी विहिरीत येते व तशाच मार्गाने उताराकडील शेतीस मिळते. पाणी उपसण्यासाठी मोट लागत नाही. भूजलाच्या नैसर्गिक उताराचा वापर करून त्याचा ओघ कायम राखण्याची दृष्टी या रचनेत दिसून येते.

ऱ्हासाची कारणे :

आज या ओघावर तीन बाजूंनी आघात होत आहेत. पहिला, पठारावरील झाडोरा व गवत नष्ट झाल्याने पाणी मुरण्याऐवजी मातीसह वाहून जाते. दुसरा, तोच गाळ तलावात साचतो. तिसरा व सर्वांत गंभीर आघात खोल विंधन विहिरींचा होय. बोअर गेरूचा थर भेदून खाली गेल्यास वरच्या थरातील पाणी खोलवर उतरते आणि पिढ्यान् पिढ्या वाहणारा झरा आटतो. 2014 पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 नुसार शेती व उद्योगासाठी 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहिरीस मनाई आहे. तथापि शेतात घेतले जाणारे बोअर अनेकदा याहून कितीतरी खोल जातात. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या मांजरेचा उगम बालाघाटातच आहे, हे विसरता येत नाही.

उपाययोजना :

झऱ्याच्या मुखाशी टाकी बांधल्याने झरा वाचत नाही. त्याचे पुनर्भरण क्षेत्र शोधून तेथे काम करावे लागते. सिक्कीम राज्याने 2008 पासून ‘धारा विकास’ उपक्रमात डोंगरमाथ्यावर चर खोदून हीच दिशा स्वीकारली. बालाघाट परिसरातही पठारावर समतल चर, गवत व झाडोऱ्याचे संरक्षण, तलावांतील गाळ काढणे आणि झऱ्यांच्या वरच्या अंगास बोअरबंदी ही कामे एकत्रितपणे व्हावीत. पुनर्भरण क्षेत्र एका गावाच्या शिवारात व झरा दुसऱ्या गावात असू शकतो. म्हणून नियोजनाचे एकक गाव न ठेवता पाणलोट क्षेत्र ठेवणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

पायथ्याच्या पाण्याचे भवितव्य माथ्यावर ठरते. वरच्या गावाने पाणी मुरविले तरच खालच्या गावाचा झरा वाहतो, तलाव पाझरतो व विहिरीला पाणी राहते. त्यामुळे झऱ्यांचे संरक्षण हा अभियांत्रिकीइतकाच दोन गावांमधील सामंजस्याचाही प्रश्न आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातील झऱ्यांची नोंद ठेवून ते कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात याची दरवर्षी दखल घेतल्यास या कामाची सुरुवात आजही होऊ शकते.