रिमोट कारचे डिफरन्शिअल

वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. हा फरक डिफरन्शिअल सांभाळते. 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये होती तशीच गिअरची रचना रिमोट कारच्या चिमुकल्या डबीत असते. त्यात सिलिकॉन तेल भरतात. ते जितके घट्ट, तितका चाकांच्या वेगातला फरक रोखला जातो.

दुरुस्तीत काळवंडलेले तेल पुसून गिअरचे दाते व वायसर तपासावेत. ओ-रिंग दरवेळी नवी घालणेच शहाणपणाचे, कारण गळती बहुधा तिथूनच होते. तेल आतल्या आडव्या पिना बुडतील इतकेच भरावे, बुडबुडे निघू द्यावेत आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत. शिवाजी पार्कसारख्या लाल मातीत गाडी धावली असेल, तर बेअरिंगही साफ करावीत.