दिल्लीहून स्पितीला: शिमल्याकडून चढावं की मनालीकडून?

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्याचं मुख्य गाव काझा. दिल्लीहून तिथे गाडीने पोहोचायला रस्ते दोनच.

पहिला रस्ता चंदीगड, मंडी, कुलू करत मनालीला जातो. मनालीच्या पुढे अटल बोगद्यातून लाहौलमध्ये शिरतो, ग्रांफूपासून चंद्रा नदीच्या काठाने वर चढतो आणि कुंझुम खिंड ओलांडून स्पितीत उतरतो. दुसरा चंदीगडहून शिमला, नारकंडा, रामपूर असा सतलजच्या कडेने किन्नौरात जातो. खाबला सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम आहे. तिथून स्पितीचा काठ धरायचा आणि नाको, ताबो करत काझा गाठायचं.

अंतरात मोठा फरक नाही. मनालीकडून साधारण ७३० किलोमीटर आणि शिमल्याकडून पाऊणशेच्या आसपास जास्त. वेळेत मात्र फरक खूप. रात्री दिल्लीहून बस पकडली की सकाळी मनाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी केली की संध्याकाळपर्यंत काझा. किन्नौरकडून यायला तीन मुक्काम तरी लागतात. ज्याच्याकडे आठवड्याचीच रजा आहे तो साहजिकच मनालीचा रस्ता धरतो, आणि इथेच बऱ्याच सहलींचा पहिला निर्णय चुकतो.

प्रश्न किलोमीटरचा नाही, मीटरचा आहे

दिल्ली समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर. मनाली सुमारे २,०५० मीटर, काझा सुमारे ३,७००. म्हणजे मनाली ते काझा या एका दिवसात तुम्ही झोपण्याची जागा साडेसोळाशे मीटरने वर नेता. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. समुद्रकिनाऱ्यापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जेवढी उंची, तेवढी उंची, तीही आधीच दोन हजार मीटरवर असताना, आणि वाटेत सुमारे ४,५५० मीटरची कुंझुम खिंड ओलांडून.

उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, ते सगळीकडे २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. काझाच्या उंचीवर दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. शरीर याच्याशी जुळवून घेतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातलं आम्ल-अल्काचं गणित नव्याने बसवतात. या सगळ्याला काही दिवस लागतात आणि ते घाईने होत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही यात सूट नाही. उलट धडधाकट माणसं पहिल्याच दिवशी जास्त हुंदडतात आणि आजारी पडतात.

म्हणून गिर्यारोहणाच्या वैद्यकात एक साधा ठोकताळा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा वर फिरून खाली झोपायला आलात तर चालतं. हिशेब झोपण्याच्या जागेचा.

आता हाच ठोकताळा किन्नौरच्या रस्त्यावर ठेवून पाहा. पहिली रात्र नारकंडा, २,७०० मीटर. दुसरी कल्पा, २,९६०. तिसरी ताबो, ३,२८०. चौथी काझा. नियम पाळण्यासाठी वेगळं काही करावंच लागत नाही. नदी उतरत आली तसा रस्ता चढत जातो आणि वाटेतली गावं जणू मोजून ठेवल्यासारखी येतात.

यात एकच खाच आहे, नाको. तलावाकाठचं हे गाव इतकं सुंदर आहे की बहुतेक जण तिसरी रात्र तिथेच काढतात. पण नाको ३,६६० मीटरवर आहे, जवळपास काझाएवढंच. कल्पाहून थेट तिथे झोपायला जाणं म्हणजे एका रात्रीत सातशे मीटर. नाकोला जेवा, तलाव पाहा आणि साठेक किलोमीटर पुढे ताबोला मुक्काम करा. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला आहे. मातीच्या भिंती बाहेरून अगदी साध्या, आतली भित्तिचित्रं बघायला मात्र सकाळचे दोन तास हाताशी हवेत. ताबो ते काझा पन्नास किलोमीटरच्या आतच, त्यामुळे घाई नाही. वाटेत धनकरही होतं.

आजारी पडलो तर खाली कुठे जायचं?

मार्ग आखताना हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेच्या आजाराची सुरुवातीची लक्षणं. तेवढ्यावर आणखी वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची. पण बसल्याजागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, माणूस चालताना झोकांड्या खात असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आलेली असू शकते. हे जिवावरचं दुखणं आहे. काझात सरकारी रुग्णालय आहे, ऑक्सिजन मिळतो, तिथे लगेच जावं. पण खरा उपाय एकच: खाली उतरणं.

आता काझाहून खाली म्हणजे कुठे? मनालीकडे निघालात तर आधी कुंझुमपर्यंत आणखी साडेआठशे मीटर चढावं लागतं. आजारी माणसाला घेऊन हे करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ताबोकडे निघालात तर सव्वा-दीड तासात चारशे मीटर खाली येता. त्याच्याही पुढे उतरायचं तर नाकोजवळ एक मोठा चढ लागतो, मग मात्र रस्ता खाबकडे सरळ उतरतो. किन्नौरकडून आलेल्याला हा रस्ता नुकताच पाहिलेला असतो. मनालीकडून पहिल्यांदाच आलेल्याला रात्री अकरा वाजता तो अनोळखी असतो.

चंद्रतालचं उलट आहे. तो तलाव कुंझुमच्या पलीकडे, लाहौलच्या बाजूला, सुमारे ४,२५० मीटरवर. तिथून उतार बातल-ग्रांफूकडे, म्हणजे मनालीच्या दिशेने. म्हणून चंद्रतालचा मुक्काम काझात दोन-तीन रात्री झाल्यावर, परतीच्या वाटेवरच ठेवावा. मनालीहून निघून पहिली रात्र तिथल्या तंबूत काढणाऱ्यांची छायाचित्रं समाजमाध्यमांवर झकास दिसतात. रात्र कशी गेली हे छायाचित्रात येत नाही.

अटल बोगद्याने काय बदललं?

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला. त्यामुळे ३,९७८ मीटरच्या रोहतांग खिंडीतली वाहनांची रांग, तिथला परवाना आणि तिथला बर्फ, तिन्ही टळले. कुंझुम मात्र टळलेली नाही. ती साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा बंद होते. बाकीच्या महिन्यांत जायचं-यायचं दोन्ही किन्नौरकडूनच, आणि बर्फ पडला की तोही रस्ता काही दिवस अडतो.

ग्रांफू ते लोसर हा भाग बराचसा कच्चा, दगडगोट्यांचा आहे आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला नेटवर्क नाही. दुपारी ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीनला चाक बुडवतो. काझाहून मनालीला निघायचं तर पहाटेच निघावं, म्हणजे हे नाले दुपारच्या आत मागे पडतात. गाडीची टाकीही काझाच्या पंपावरच भरून घ्यावी.

पावसाळ्यातली फसगत

'स्पिती पर्जन्यछायेत आहे, जुलै-ऑगस्टमध्ये बिनधास्त जा' असं सर्रास सांगितलं जातं. पहिला भाग खरा आहे. पण खोरं कोरडं असलं तरी खोऱ्याची दोन्ही दारं भिजतात. ११ ऑगस्ट २०२१ रोजी किन्नौरात निगुलसरीजवळ दरड कोसळली, त्यात एका बससह काही वाहनं सापडून २८ जणांचा मृत्यू झाला. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने कुलू-मनालीचे रस्ते वाहून गेले. त्याच दिवसांत चंद्रतालला ऐन जुलैत बर्फ पडला आणि अडीचशेहून जास्त लोक अडकले. त्यांना काढलं ते बर्फ हटवून, लोसरमार्गे काझाकडे.

निवडता येत असेल तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडा. पावसाळ्यातच जायचं झालं तर दोन दिवस मोकळे ठेवा, आणि दिल्लीहून मुंबई-पुण्याचं परतीचं तिकीट मनालीहून पोहोचण्याच्या दिवसाचंच काढू नका.

स्वतःची गाडी नसेल तर

दिल्लीच्या काश्मिरी गेट स्थानकातून शिमला आणि रेकाँग पिओकडे हिमाचल परिवहनच्या बस सुटतात. रेकाँग पिओहून काझाची बस सकाळी निघते आणि जवळपास पूर्ण दिवस घेते. ती ताबोवरूनच जाते, तेव्हा काझाचं तिकीट न काढता ताबोला उतरा आणि पुढचा टप्पा दुसऱ्या दिवशी करा. पिओत उतरल्यावर मुक्काम मात्र वर कल्पाला करावा. किन्नर कैलासचं दर्शन होतं आणि साडेसहाशे मीटरची चढण अंगवळणी पडते.

भारतीयांना या मार्गावर परवाना लागत नाही, ओळखपत्र जवळ असावं. सोबत परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक असतील तर किन्नौरच्या वरच्या भागासाठी त्यांना परवाना घ्यावा लागतो, तो शिमल्यात किंवा रेकाँग पिओत काढता येतो. कार्यालय सुट्टीच्या दिवशी बंद असतं, त्यामुळे पिओला रविवारी पोहोचणार नाही असं वेळापत्रक ठेवा. उंचीच्या त्रासावर घेतात त्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, हृदयविकार किंवा दमा असेल तर ते आवर्जून सांगा.