सिंहाचे दात मोजणाऱ्यांनो, स्तंभ वाचा!

आमच्या वस्तीतल्या विहारात एका रविवारी वंदना आटोपली, चहाचे कप फिरले आणि दोन तरुण कार्यकर्त्यांची जुंपली. वाद वर्गणीचा नव्हता की मिरवणुकीच्या मार्गाचा नव्हता. वाद होता अशोकचक्राच्या चोवीस आऱ्यांचा. एक म्हणाला, प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या अनुलोम आणि बारा प्रतिलोम, मिळून चोवीस. दुसऱ्याच्या मोबाइलवर चोवीस सद्गुणांची यादी आली होती, प्रेमापासून सुरू होणारी. तिसऱ्याने तेल ओतले. त्याच्या कचेरीतल्या सहकाऱ्याने म्हणे सांगितले होते की हे गायत्री मंत्राचे चोवीस ऋषी आहेत आणि बौद्धांनी ते पळवले! झाले. 'तू विकला गेलास', 'तू त्यांचा माणूस' इथपर्यंत मजल गेली. पुढच्या पौर्णिमेला एकाच विहारात दोन कार्यक्रम झाले, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. सकाळचे लोक संध्याकाळी फिरकले नाहीत.

मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला होता: हे कुठे लिहिले आहे? त्याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजाचा ठराव मंजूर केला. ध्वज ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब सदस्य होते. तो ठराव वाचून पाहा. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळे चक्र असेल, ते चरख्याचे प्रतिनिधित्व करील आणि त्याची आकृती सारनाथच्या अशोकाच्या सिंहशीर्षावरील चक्राची असेल, एवढेच त्यात आहे. चोवीस हा आकडासुद्धा नाही. मग चोवीस गुण, चोवीस ऋषी आणि दिवसाचे चोवीस तास आले कुठून? गंमत अशी की ज्या गोष्टीवर खरोखर वाद घालायला हवा, ती त्या ठरावात उघड लिहिलेली आहे. नाव चरख्याचे आणि रूप धम्मचक्राचे! पण त्यावर कोणी भांडत नाही. जे कागदावर आहे त्यात गूढ नसते आणि गूढ नसले की पुढे पाठवायला मजा येत नाही.

हाच खेळ ११ जुलै २०२२ रोजी देशपातळीवर झाला. नव्या संसद भवनावर साडेसहा मीटर उंचीच्या, साडेनऊ हजार किलो वजनाच्या कांस्य राजमुद्रेचे पंतप्रधानांनी अनावरण केले आणि देशभर सिंहांचे दात मोजले जाऊ लागले. सारनाथचे सिंह शांत आणि हे गुरगुरणारे. सिंहांच्या जबड्यातून राज्यकर्त्यांनी जनतेला इशारा दिला आहे, असे एका बाजूने म्हटले गेले. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की ही हुबेहूब प्रतिकृती आहे. आकार वाढला आणि खालून पाहिले की असेच दिसते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. कोणावर कसा परिणाम होतो ते पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे, अशा अर्थाचे न्यायालय बोलले.

माझे मत विचाराल तर मलाही ते जबडे जरा जास्तच उघडलेले वाटतात. पण ते माझे वाटणे आहे, पुरावा नव्हे. सारनाथच्या मूळ शिल्पातही तोंडे उघडी आहेत आणि दात दिसतात. खरा प्रश्न दातांचा नव्हताच. बुद्धाने पहिले धम्मप्रवर्तन जेथे केले त्या जागेवरच्या, बौद्ध सम्राटाने उभारलेल्या शिल्पाची प्रतिकृती संसदेवर चढली तेव्हा तिच्यापुढे वैदिक मंत्रोच्चारात पूजा झाली. ती लपूनछपून नव्हे, सर्वांसमक्ष, कॅमेऱ्यांपुढे झाली. धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाच्या मुद्रेला एका धर्माचा विधी कशासाठी, हा प्रश्न काही जणांनी विचारला, नाही असे नाही. पण दातांच्या गलबल्यात तो बुडाला. जे डोळ्यांसमोर घडले ते सोडून जबड्यातला गुप्त संदेश शोधण्यात आपलीही माणसे दंग होती, याचे मला दुःख आहे.

स्तंभाला मनाचे बोल चिकटवण्याची ही खोड आजची नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याचा अशोकस्तंभ दिल्लीला आणवला. तेव्हा लोक सांगत, ही भीमाची काठी आहे. सुलतानाने पंडितांना बोलावून त्यावरची अक्षरे वाचायला सांगितली. एकालाही वाचता येईना. पण 'येत नाही' असे म्हणतील तर ते पंडित कसले? त्यांच्यापैकी काहींनी सांगितले की स्तंभावर लिहिले आहे, पुढे फिरोजशहा नावाचा राजा होईल, तोपर्यंत हा खांब कोणालाच हलवता येणार नाही. शम्स-ए-सिराज अफीफ या इतिहासकाराने हे नोंदवून ठेवले आहे. सुलतान खूश, पंडित सुरक्षित आणि अशोक मुका! सतराव्या शतकात टॉमस कॉरिएट नावाचा इंग्रज प्रवासी आला. त्याला तो दगडी खांब पितळेचा वाटला, अक्षरे ग्रीक वाटली आणि सिकंदराने पोरसावरच्या विजयाखातर तो उभारला असे त्याने ठरवून टाकले.

शेकडो वर्षे प्रत्येकाने त्या खांबावर स्वतःचाच चेहरा पाहिला, कारण लिपी कोणालाच येत नव्हती. आणि ही लिपी विसरली कशी गेली, ज्या विहारांत तिचे शिक्षण चालत होते ते उजाड कसे झाले, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण त्याचेही उत्तर पुराव्यानेच द्यावे लागेल.

१८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख न्याहाळत होता. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येत होती. त्याने ताडले की ही देणगीदारांची नावे असणार आणि शेवटचा शब्द 'दानं' असणार. तिथून कुलूप उघडले. ज्या शब्दाने ब्राह्मी, म्हणजे आपण जिला धम्मलिपी म्हणतो ती, पुन्हा बोलू लागली तो शब्द राजाच्या आज्ञेतला नव्हता. सांचीला यथाशक्ती दान देणाऱ्या उपासक-उपासिकांचा आणि भिक्खू-भिक्खुणींचा तो शब्द होता. नंतरही 'पियदसि' म्हणजे नेमका कोण यावर चर्चा चाललीच. सिंहली ग्रंथांच्या आधारे तो अशोक असल्याचे जुळले आणि १९१५ मध्ये मस्कीच्या शिलालेखात अशोकाचे नावच सापडले. अनुमान, मग पुरावा, मग खात्री. याला संशोधन म्हणतात.

आता सारनाथकडे या. ते सिंहशीर्ष १९०५ साली ओर्टेल यांच्या उत्खननात सापडले आणि आज तिथल्या संग्रहालयात आहे. त्याच्यापुढे गर्दी असते. पण स्तंभाचा मोडका बुंधा अजून उत्खननाच्या जागीच उभा आहे आणि अशोकाचे लेखन त्या बुंध्यावर आहे. मी गेलो होतो तेव्हा तिथे चिटपाखरूही नव्हते. काय लिहिले आहे त्यावर? सिंहांचा अर्थ नाही, आऱ्यांचा हिशेब नाही. संघात कोणी फूट पाडू नये, असे लिहिले आहे. जो भिक्खू किंवा जी भिक्खुणी संघ फोडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहायला लावावे. या आज्ञेची एक प्रत अधिकाऱ्यांपाशी आणि एक उपासकांपाशी असावी आणि उपासकांनी प्रत्येक उपोसथाला येऊन ती मनात पक्की करावी. म्हणजे फुटीविरुद्धचा हा लेख अशोकाने तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य उपासकांच्या स्वाधीन केला होता. आणि आम्ही त्याच स्तंभाच्या चक्रावरून विहारात दोन पौर्णिमा केल्या! त्याच बुंध्यावर पुढच्या काळात संमितीय पंथाच्या आचार्यांनी आपल्या पंथाचे नाव कोरून ठेवले आहे. फूट पाडू नका या आज्ञेखाली पंथाची पाटी. तेव्हा हा रोग आपल्याच काळात जन्मला असे समजण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, विरोधक खोटे पसरवतात ते चालते आणि तुम्ही आपल्याच पोरांचे कान उपटता. विरोधकांचे खोटे आपण जाणतोच. ताजमहाल म्हणजे तेजोमहालय, हे पु. ना. ओकांचे पिल्लू सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच झटकून टाकले, तरी ते अजून वळवळते आहे. पण आपण त्याला हसतो कशाच्या जोरावर? पुरावा मागण्याच्या. तोच प्रश्न स्वतःला विचारायचा नसेल तर हसण्याचा हक्क उरत नाही. बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण या विषयावर १९४८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा प्रस्तावनेतच मान्य केले की पुराव्याच्या काही कड्या तुटलेल्या आहेत आणि त्या तर्काने जोडाव्या लागल्या आहेत. एवढा मोठा विद्वान आपला तर्क कोणता आणि पुरावा कोणता हे वेगळे करून सांगतो आणि आमचा पदवीधर कार्यकर्ता 'सगळ्यांना पाठवा' एवढे वाचून सगळ्यांना पाठवतो.

आणि आपल्याला थापांची गरज तरी काय? नाशिकच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. इथेही भीम आणि त्याचे भाऊ आलेच! भिंतींवर मात्र सातवाहन राजमाता गौतमी बलश्री बोलते. तिथेच मुगुदास नावाच्या 'दासका'चा लेख आहे. अभ्यासक त्या शब्दाचा अर्थ कोळी असा लावतात. राजमातेच्या शेजारी कोळ्याचे नाव दगडात कोरलेले आहे. यापेक्षा मोठे गुपित कोणत्या निरोपातून मिळणार आहे?

गेल्या हिवाळ्यात मी त्या दोन्ही तरुणांना कार्ल्याला नेले. दोघांनी आधी तीन-चार रविवार धम्मलिपी गिरवली होती, अर्थात वेगवेगळ्या वेळी. एकविरेच्या दर्शनाची रांग चैत्याच्या दारापर्यंत होती. त्या दाराशी सोळा पैलूंचा एक खांब आहे, माथ्यावर चार सिंह. हजारो लोक त्याला वळसा घालून जातात. त्यावर गोतीचा पुत्र महारथी अग्निमित्रणक याने हा सिंहस्तंभ दान दिल्याचा लेख आहे. शेवटचा 'दानं' दोघांनी ताबडतोब ओळखला. अडले ते 'सिहथभो'पाशी. एक म्हणाला हा थ, दुसरा म्हणाला ठ. धम्मलिपीत दोन्ही गोलच, फक्त थच्या पोटात एक टिंब असते. टिंब आहे की दगडाचा खळगा, यावर पुन्हा जुंपली. मग एकाने मोबाइलवर फोटो काढला, बोटांनी तो मोठा केला आणि दुसऱ्याला जवळ बोलावले. मागची रांग ओरडू लागली तरी दोघे तिथून हलेनात.