परदेशी लेकरू घरी येते तेव्हा

परदेशातील मूल काही महिने आपल्या घरी राहणार, ही कल्पना पारोळ्यासारख्या गावात अजून नवी वाटते. रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात १५ ते १९ वर्षांची मुले अशी देशोदेशी जातात. आपले जळगाव व धुळे जिल्हे रोटरीच्या प्रांत ३०३० मध्ये येतात. वर्षभराच्या विनिमयात मूल बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत राहते. यजमानांना त्याचा मोबदला मिळत नाही.

अनेक देशांत शालेय वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्यामुळे हे मूल नेमके पर्युषणाच्या सुमारासच दारात उभे राहू शकते. चौविहार, कंदमुळांचा त्याग, उकळलेले पाणी हे आपले नियम आहेत. त्यांचे पच्चक्खाण आपण स्वेच्छेने घेतो. दुसऱ्याच्या लेकरावर ते लादले, तर ते व्रत न राहता शिक्षा ठरते.

म्हणून श्रावक-श्राविकांनी स्वयंपाकघराची रीत आधीच पत्राने कळवावी : येथे कांदा, लसूण, बटाटा शिजत नाही, जेवण सूर्यास्तापूर्वी होते. मात्र रात्री आठला त्याला भूक लागली तर काय, हेही ठरवावे. त्याच्या खोलीत खाकरा, फुटाणे आणि जळगावची केळी असावीत.

उद्या आपला नातू ब्राझीलला गेला, तर तेथील माउलीने त्याच्यासाठी निराळे शिजवावे, अशीच आपली अपेक्षा असेल. तेवढीच मोकळीक पाहुण्या लेकराला देण्याची घरातील सर्वांची तयारी असेल, तरच यजमानपदाच्या अर्जावर सही करावी.