लॅपटॉपवर चहा सांडला, वॉरंटीचं काय?

वाशिमकरांनो, साध्या वॉरंटीत फक्त कंपनीकडचा दोष धरतात, सांडलेला चहा नाही. 'अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज'चं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं.

खरा वाद होतो तो काहीच सांडलेलं नसताना. काही लॅपटॉपच्या आत पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. ओल लागली की तो लाल होतो. तेवढ्यावर सर्व्हिस सेंटरवाले 'पाणी गेलंय' म्हणाले तर तोंडी मान्य करू नका. उघडलेल्या मशीनचे फोटो आणि लेखी अहवाल मागाच!

दाद मिळाली नाही तर पहिला फोन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. नाहीच ऐकलं तर वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मग कंपनी बंगळुरूची का असेना. मला या कायद्यातली हीच तरतूद सगळ्यात मोलाची वाटते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीची मुदत २ वर्षं.