खाजवून खरूज?

साताऱ्यात काय, सांगलीत काय, आपण होऊन संकट ओढवून घेणाऱ्याला ‘खाजवून खरूज काढतोय’ म्हणतात. जुनाट इसबाच्या रोग्याला मात्र हा टोमणा लागू नाही. खाज सुटते, हात जातो, कातडी सोलवटते, खाज दुणावते. पुढे हात सवयीनेच जाऊ लागतो! स्वीडनमध्ये १९८६ साली लेनार्ट मेलिन प्रभृतींनी मलमाला मनाच्या उपचाराची जोड दिली. आपण कधी खाजवतो ते टिपायचे. हात उठताच मूठ आवळायची. मग ती जागा नुसती दाबायची. नुसत्या मलमापेक्षा गुण अधिक आला. खरोखरीची खरूज असेल तर मात्र औषधच हवे. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि या दिवाळीत घरच्यांनी ‘खाजवू नकोस’ म्हणून दटावू नये; मूठ आवळलेली दिसली, की शाबासकी द्यावी!