पद्मिनीच्या ब्लॉकची साठ वर्षं

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४मध्ये पद्मिनी. नावं बदलत गेली, पण बॉनेटखालचं १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मुळात तेच राहिलं: ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५चा स्ट्रोक, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. इतकी वर्षं एकच ब्लॉक चालला, म्हणून मुंबईत बोअरिंगवाले, क्रँक ग्राइंडिंगवाले, स्पेअरवाले यांचं पोट त्यावर भरलं.

सुरुवातीच्या काळात ब्लॉक बदलण्याचा विचारच नसे. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, मग जुनी जपण्यावाचून इलाज काय? बोअर झिजला की पुढच्या ओव्हरसाइजला रीबोअर करायचा. मापं संपली की लायनर ठोकून पुन्हा स्टँडर्डवर आणायचा. टॅक्सीच्या एकेका ब्लॉकने अशी कितीतरी इंजिन कामं पाहिली.

१९८३ला मारुती आली आणि हळूहळू पद्मिनी भंगारात निघू लागल्या. उतरवलेले ब्लॉक बाजारात सहज मिळू लागले, आणि तिथेच पारख ढिली पडली. वरून स्वच्छ दिसतो, घ्या! रंग मारून चकचकीत केलेला ब्लॉक मी तरी आधी संशयानेच बघतो. रंगाखाली चीर लपते.

खरी परीक्षा आतून. सिलिंडरमध्ये सर्वाधिक झीज वरच्या रिंगच्या जागी होते. तिथे नख फिरवलं तरी कंगोरा लागतो. बोअर गोल राहत नाही, क्रँकच्या आडव्या दिशेने लंबगोल होतो. म्हणून डायल गेज वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी लावावा लागतो. वॉटर जॅकेटचे प्लग काढले की गाडीचा इतिहास बाहेर येतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं असलं, तर मागच्या सिलिंडरभोवती गंजाचा घट्ट चिखल निघतो. तो खरवडून, पाण्याचा दाब देऊन तपासल्याशिवाय बोअरिंगचा पैसा खर्च करू नये. मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या आहेत ना, हेही बघावं. त्या ब्लॉकबरोबरच बोअर केलेल्या असतात. दुसऱ्याच्या बसवल्या तर क्रँक हाताने फिरत नाही, आणि मग लाइन बोअरिंगचा खर्च वाढतो.

मशीनवर चढवताना क्रम चुकला की काम वाया जातं. आधी पिस्टन आणायचे, मापायचे, मग प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनप्रमाणे कापायचा. बोअरिंगवाल्याला नुसतं ‘पुढचं माप काढ’ सांगणं मला पटत नाही. होनिंगच्या तिरक्या रेघांवर तेल टिकतं आणि रिंगा बसतात. पण त्याच रेघांत दगडाची बारीक पूड अडकते. ती रॉकेलने निघत नाही. गरम साबणाच्या पाण्याने ब्रश मारून, पांढरं फडकं काळं होणं थांबेपर्यंत पुसायचं आणि लगेच तेलाचा हात फिरवायचा. नव्या रिंगा लवकर गेल्याच्या अनेक तक्रारींचं मूळ या टाळलेल्या धुण्यात आहे.

पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तीही बंद झाली. आता ही इंजिनं बांधतात ती हौसेने गाडी जपणारी माणसं, आणि चांगला ब्लॉक शोधावा लागतो. मर्यादेपर्यंत कापलेला ब्लॉकही भट्टीला देऊ नका. भिंती शाबूत असतील तर लायनर टाकून तो उभा राहतो. आणि दुसरा घेणार असाल, तर त्यावर ठोकलेला इंजिन नंबर वाचून घ्या, त्या गाडीचे कागद मागा. आरसी बुकात तोच नंबर लागतो. बदलाची नोंद आरटीओत केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.